पत्रूचे सतरा गुन्हे

शिस्त ही नेहमी अनोळखी माणसापासून सुरू करावी लागते. ओळखीच्या माणसापासून सुरू केली, तर ती तिथंच चहा प्यायला बसते.

हे तत्त्व एकोणीसशे सत्तावन्न साली कुरखेड्याच्या बाजूच्या एका गावात फार निष्ठेनं पाळलं गेलं. (गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथं तुमच्या ओळखीचं कोणीतरी निघेल.) जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि नव्या राज्याचा पहिला हुकूम आला तो रहदारीचा: श्रावणात एक सप्ताह पाळावा, आणि डबलसीट जाणारे, घंटी नसलेले, ब्रेक नसलेले असे निदान वीस सायकलस्वार शनिवारपर्यंत वहीत यावेत. शिक्षा साधी होती. चाकाची हवा सोडायची, व्हॉल काढून पोलिसानं खिशात ठेवायचा, आणि गुन्हेगारानं सायकल ढकलत पुढचं आयुष्य काढायचं.

गावात सायकली एक्केचाळीस. ही मोजणी सरकारची नव्हे; नववीतल्या वच्छलेची, म्हणून ती बरोबर आहे. पोलिसांच्या स्वतःच्या सहा. पोलिसांचे भाऊ, साळे आणि साडू यांच्या चौदा. पोलिसांना दूध, पान आणि वेळेवर बातम्या पुरवणाऱ्यांच्या नऊ. या नऊ जणांच्या सोयऱ्यांच्या अकरा. राहिली एक. ती पत्रूची.

पत्रू तीन मैलांवरच्या जंगलातल्या टोल्यावरून, म्हणजे चार घरांच्या वस्तीवरून, आपल्या मुलीला, सुकरीला, डंड्यावर बसवून शाळेत आणायचा आणि संध्याकाळी न्यायला यायचा, म्हणजे दिवसातून चारदा नाक्यावरून जायचा. नाका म्हणजे डांबराचं एक रिकामं पिंप आणि त्याला टेकलेले लटारू शिपाई. लटारूभाऊंसारखा मायाळू माणूस खात्यात दुसरा नव्हता. पहिल्या दिवशी त्यांनी पत्रूला घंटी नाही म्हणून धरलं. पत्रूनं घंटी बसवली. मग डबलसीटसाठी धरलं. त्यानं सुकरीला सीटवर बसवून सायकल ढकलत आणली, तेव्हा 'चालकाविना सायकल' हा गुन्हा झाला. शेवटी सुकरी पायी आणि पत्रू सायकलवर, तर लटारूभाऊंचे डोळेच भरून आले. "पोरीले पायदल चालवते गा? लाज नाई वाटत?" हाही लिहिला. परत जाताना 'चाकात हवा नसणे' हा गुन्हा आपोआप व्हायचाच.

सोमवार ते गुरुवार सोळा. मंगळवारी दुपारी तो विहिरीवर पाणी प्यायला आला होता, तो सतरावा. (तो परत गेला तेव्हा लटारूभाऊ जेवत होते. कायदासुद्धा जेवतो.)

पण सुकरीचं गणित निराळं होतं. चांद्याच्या वसतिगृहाच्या शिष्यवृत्तीसाठी शाळेतून एकच नाव जाणार होतं, आणि वर्गात पहिली होती सुकरी. मात्र चारही दिवस ती चिखल तुडवत हजेरी संपल्यावर पोचली. इंदुताई बाईंनी चष्मा काढून सांगितलं, "शनिवारी सकाळच्या हजेरीला सुकरी नसली, तं नाव दुसरीचं जाईल." दुसरी म्हणजे वच्छला. तिला सुकरीच्या जागी जायचं नव्हतं. तिला सुकरीला हरवून जायचं होतं, आणि ते पुढच्या वर्षी करायचं तिनं नक्की केलं होतं.

शुक्रवारी राखीची सुट्टी. वच्छलेनं सरळ मार्ग काढला. अजून तीन गुन्हे हवेत ना? मग ते आपणच करू! ती होती गुणवंतराव हवालदारांची मुलगी. हवालदारांच्या सायकलला घंटी नव्हती, ब्रेक नव्हते आणि मागच्या चाकाला मडगार्ड होतं की नाही याबद्दल घरात दोन मतं होती. तिनं धाकट्या भावाला डंड्यावर घेतलं, बहिणीला कॅरियरवर बसवलं, दोन्ही हात सोडले आणि उलट्या बाजूनं नाक्यावर गेली. लटारूभाऊंनी सलाम ठोकला. दुसऱ्या फेरीत तिनं पिंपच पाडलं. लटारूभाऊंनी ते उभं केलं, पुसलं आणि म्हणाले, "पिंप मधात होतं वो बाई. लागलं तं नाई?"

तिसऱ्या फेरीला ती उतरलीच.

"लिवा माझं नाव, लटारूभाऊ!"

"काऊन मस्करी करून राह्यली वो? तुझं नाव लिवलं, तं खाली सही कोण करन? तुझा बाप?"

"मंग पत्रूभाऊचंच काऊन लिवता?"

"त्याचं कोणी नाई म्हणून!" लटारूभाऊ खरोखर दुखावले. "त्याचं कोणी असतं, तं मी कायले लिवलं असतं? मी का वाईट माणूस आहो?"

घरी तिनं वडिलांना विचारलं. गुणवंतरावांनी भाताचा घास खाली ठेवला. "घरच्या माणसाले धरनं म्हणजे घरचं भांडन रस्त्यावर आननं. आन् उद्या वीस झाले नाई, तं साहेब मलेच धरन. पत्रूच्या उद्या चार फेऱ्या आहेत न? मंग!"

एवढं नीट समजावल्यावर वच्छलेला दोष कुठं आहे ते दिसलं. दोष नियमात नव्हता, पोलिसांत तर नव्हताच. पत्रूनं नात्यात फार निष्काळजीपणा केला होता. आणि नातं तर कोपऱ्यात उगवत होतं! आईनं, कमळाबाईंनी, नागपंचमीला टोपलीत पेरलेली भुजली आता वीतभर झाली होती: अंधारात वाढलेले गव्हाचे पिवळे कोंब. राखीच्या दुसऱ्या दिवशी ते बोडीत, म्हणजे गावच्या लहान तळ्यात, शिरवतात आणि थोडे एकमेकींच्या कानावर खोवतात. ज्या दोघी खोवतात त्या जन्माच्या भुजली होतात. मग जात विचारायची नाही, एकमेकींचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, आणि एकीचे मायबाप ते दुसरीचेही मायबाप. हे नातं रक्ताच्या नात्यापेक्षा पक्कं समजतात, कारण रक्ताच्या नात्यात भांडता येतं.

शनिवारी पहाटे टोपलीतून दोन कोंब गेले.

"संध्याकाळपर्यंत दम नाई का तुले?" आई ओरडली.

"शाळा सकाळची आहे!" वच्छला अंगणातून ओरडली.

ती नाक्यावर पोचली तेव्हा लटारूभाऊ चाकाशी उकिडवे बसले होते, चिमटीत व्हॉल. सुकरी दप्तर छातीशी धरून शाळेच्या दिशेनं बघत होती. पहिली घंटा झाली होती. वच्छलेनं एक कोंब तिच्या कानावर खोवला, दुसरा तिच्या हातात दिला.

"खोव लवकर!"

सुकरी वर्गात पहिली होती. तिला दोनदा सांगावं लागलं नाही.

"रामराम, भुजली," ती म्हणाली.

लटारूभाऊ हळूहळू उभे राहिले. ते याच मातीतले. पोलिसांच्या वहीत काय बसतं हे एखादवेळी चुकले असते, पण भुजली म्हणजे काय हे त्यांना साहेबांनी शिकवायची गरज नव्हती.

"आरं देवा! म्हणजे हे आता हवालदारसाहेबाची पोरगी झाली. आन् पत्रूभाऊ, तुमी..." त्यांनी सलाम ठोकला. पत्रूला अहो-जाहो आणि सलाम एकदमच मिळाल्यामुळे त्यानं दोन्ही हात वर केले. मग लटारूभाऊंनी पंप आणून स्वतः हवा भरली, मोजून साठ दट्टे. हा अठरावा गुन्हा कोणता, तेवढंच पत्रू विचारत राहिला.

न्याय झाला, आकडा मात्र सतराच राहिला. लटारूभाऊंचा चेहरा हवा सोडलेल्या चाकासारखा बसला. साहेब दुपारी येणार होते. तेवढ्यात समोरून बांगडीवाला बिरजू आला. राजनांदगावकडचा माणूस, एकटा, डाव्या बाजूनं. घंटी होती, ब्रेक होते, दिवासुद्धा होता. लटारूभाऊ त्याच्याकडे हताशपणे बघत राहिले.

"लटारूमामा, हा कोणाचा आहे?" डंड्यावरून सुकरीनं विचारलं. मामा हे नातं एका मिनिटाचं होतं, पण चांगलं रुळलं होतं.

"किसी का नहीं, बिटिया," बिरजू हसून म्हणाला.

"मंग लिवा न, मामा," सुकरी म्हणाली. "आमाले उशीर होते."

घंटी विनाकारण वाजवणे, दिवसा दिवा बाळगणे, फुटण्याजोगा माल फिरवणे: एका थांब्यात वीस पूर्ण झाले. दोघी भुजली हजेरीला पोचल्या, इंदुताईंनी सुकरीचं नाव धाडलं, आणि वच्छलेला दिवसभर असं वाटत राहिलं की गावातला एक मोठा अन्याय आपण निकालात काढला. बिरजू पिंपाच्या सावलीत बांगड्या मोजत बसला होता. सुटी झाल्यावर दोघी डबलसीट त्याच्या बाजूनं गेल्या. घंटी वाजवली नाही, कारण हवालदारांच्या सायकलला ती नव्हतीच.

सप्ताह इतका यशस्वी झाला की साहेबांनी तो दर आठवड्याला ठेवला. आता गावात सगळेच सोयरे आहेत, बिरजूनं वाट बदलली आहे, आणि लटारूभाऊ पिंपाला टेकून अनोळखी माणसाची वाट बघत आहेत. तुम्ही कधी त्या बाजूला आलात, तर ते मायेनं विचारतील, "कोणाचे तुमी?" घाबरू नका. गावाचं नाव मी सांगितलं नाही, तरी इथवर वाचेपर्यंत खात्यातलं एखादं नाव तुम्हाला आठवलंच असेल. तेवढं जिभेवर तयार ठेवा.

घंटी नसली तरी चालेल.