सिग्नल बिघाड, अकरा मिनिटं

“पंधरा माणसं आली तरी डोक्यावरून पाणी!” म्युझियमचे क्रुमसाहेब म्हणाले.

“दोनशे येतील,” त्यांची मदतनीस रालित्सा ठासून म्हणाली, “आणि डोळे पुसत परत जातील. लिहून ठेवा!”

बोलाफुलाला गाठ पडते, ती अशी!

लिपोग्रादच्या रेल्वे स्टेशनला एकशेदहा वर्षं होत होती. स्टेशन गावापासून दोन किलोमीटरवर, कारण इंजिनाच्या धुरानं वाइन आंबेल म्हणून त्या काळच्या मळेवाल्यांनी रूळ गावात शिरूच दिले नाहीत. मग शंभर वर्षं गावच रुसवा सोडून, एकेक घर करत स्टेशनाकडे सरकत आलं. या सगळ्याचं प्रदर्शन रालित्सा वेटिंग रूममध्ये मांडणार होती. पितळी घंटा, कंदील, जुन्या नोंदवह्या. पण तिचा खरा डोळा होता एकाच माणसावर. मेतोदीकाका, निवृत्त स्टेशनमास्तर!

गेल्या मार्चमध्ये, काकांच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात, रालित्साला कळा सुरू झाल्या. बाळंतपणाचा दवाखाना जिल्ह्याच्या गावी. गाडी सुटायची वेळ झालेली आणि ही अजून पुलावर, पोट धरून! गाडी थांबली. एक नाही, दोन नाही, अकरा मिनिटं! काका लाल टोपी घालून, झेंडा काखेत मारून, ढग मोजत उभे. दवाखान्याच्या दारात पाऊल टाकल्यावर चौदाव्या मिनिटाला याना जन्मली.

आभार मानायला गेलं की काका म्हणायचे, “मी काय केलं? सिग्नल बिघडला होता.” आणि दार लावून घ्यायचे. वर्षभर ते आभार रालित्साच्या छातीत पान्ह्यासारखे दाटून राहिले होते. या शनिवारी ते पोचवायचेच! काका प्लोवदिवला लेकीकडे गेले होते. लेकीशी संगनमत करून त्यांना दहा चाळीसच्या गाडीत बसवायचं ठरलं.

याना झोपली तेवढ्या पाऊण तासात रालित्सानं पत्रक केलं. नवं करायला वेळ कुणाला? आजेसासूबाईंना जाऊन वर्ष झालं तेव्हा दारोदार लावलेलं श्रद्धांजलीचं पत्रक संगणकात होतंच. त्यातलं नाव आणि फोटो बदलला, चौकट वेलीसारखी हिरवी केली, क्रूस काढून रेल्वे फाटकावर असते ती फुलीची खूण टाकली. खाली लिहिलं, ‘चाळीस वर्षं. कृतज्ञ शहर. शनिवार, साडेदहा, स्टेशन.’ झकास!

पण म्युझियमच्या प्रिंटरात रंगीत शाई कधी असते का? चौकट आली कुळकुळीत काळी, आणि फाटकाची खूण म्हणजे थेट कलता क्रूस! तीन तासांच्या झोपेवर चालणाऱ्या बाईला हे कुठलं दिसायला! यानाला कडेवर घेऊन तिनं चाळीस पत्रकं डकवली. बेकरीवर, बसथांब्यावर, स्टेशनच्या दारावर. आणि एक खुद्द काकांच्या फाटकावर!

शनिवारी दोनशे माणसं आली. रालित्साची छाती फुगली. सगळे काळ्या कपड्यांत? केवढा हा मान! तिकीट खिडकीवरच्या पेनाकाकूंनी डोळे पुसत तिच्या हातात कागदी पेला दिला. साखर पेरलेले उकडलेले गहू.

“खा गं बाळ. देव त्यांना क्षमा करो.”

रालित्सानं बकाबका खाल्ले. सकाळपासून पोटात काही नव्हतं. आणि चौथ्या घासाला डोक्यात लख्ख वीज! हे गहू तर मेलेल्याच्या नावानं वाटतात! तिनं लोकांच्या हातातली फुलं मोजली. चार, सहा, दोन, आठ. जिवंताला विषम, मेलेल्याला सम, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक!

“काकू, ते जिवंत आहेत!”

“आहेतच गं. आपल्या सगळ्यांच्या मनात.”

“मनात नाही, गाडीत!”

“हो हो. स्वर्गाच्या गाडीत.”

ती बाकावर चढून ओरडली. तशी यानाही भोकाड पसरून रडू लागली. “बघा, तान्ह्या लेकराला कळलं!” म्हणत उरलेलेही रडले.

काकांचे सोंगट्यांतले जोडीदार स्तामेनआजोबा तर मखमलीवर मांडलेल्या लाल टोपीपुढे कोसळलेच. “वीस वर्षं फासे बदलत होतो रे मेतोदी! माफ कर!”

मग ज्याला त्याला कंठ फुटला. “माझ्या आईच्या ऑपरेशनला नऊ मिनिटं गाडी धरली होती त्यांनी!”

“आमचा नवरदेव न्हाव्याकडे अडकला, तेव्हा बावीस!”

“विचारलं तर म्हणाले, सिग्नल बिघडला.”

“अगं, मलाही तेच!”

क्रुमसाहेबांनी प्रदर्शनातली नोंदवही उघडली. “दोनशे तेरा सिग्नल बिघाड! रेल्वेनं तीनदा नवा सिग्नल बसवलाय!”

शिट्टी झाली. रालित्सा दाराकडे धावली. पासष्टीचा माणूस, स्वतःच्याच मयताला येऊन खरोखर गेला तर? तिनं दारावरचं पत्रक टरकावलं, पण काका समोर उभे! काकांनी चष्मा चढवला आणि तिच्या हातातला कागद वाचला.

“फोटो बरा आहे. पण चाळीस नव्हे, एकेचाळीस.” मग मान वळवून म्हणाले, “स्तामेन, फाशांचं मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. म्हणून तर तुझी घरची दारू प्यायचो.”

रालित्सानं यानाला त्यांच्या हातात दिलं. “काका, ही तुमची अकरा मिनिटं. आज दार लावून घ्यायचं नाही. इथे दोनशे जण आहेत, दार तोडतील!”

काकांनी सवयीनं ढगांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“डोळ्यात कोळसा गेला,” ते म्हणाले.

“काका, गाडी विजेची आहे!” पेनाकाकू ओरडल्या.

दोनशे माणसं हसली. मग यानाला कडेवर घेऊन काका प्रत्येकापाशी गेले, प्रत्येक गुच्छातून एकेक फूल काढलं, गुच्छ विषम करून घेतला आणि काढलेली फुलं रालित्साच्या ओंजळीत टाकत गेले.

“अहो,” गार्ड डब्याच्या दारातून कळवळला, “उशीर झाला की! आता नोंद काय करू?”

“सिग्नल बिघाड!” सगळं शहर एका सुरात.

रविवारभर रालित्सा पत्रकं काढत हिंडली. सगळी निघाली, एक सोडून. काकांच्या फाटकावरच्या पत्रकावर शाईनं चाळीस खोडून एकेचाळीस केलेलं होतं.

“हे राहू दे,” दार सताड उघडून काका म्हणाले. “लोक रडत येतात, मी दार उघडतो, ते किंचाळतात. मग कॉफी होते. तू आत ये, पण किंचाळून घे आधी!”