निशी-कसाईची त्रिशंकू कार्यकारिणी

ज्याच्याकडे बहुमत असतं त्याला ते पुरेसं वाटत नाही, आणि ज्याच्याकडे नसतं त्याला ते मोजण्यात चूक झाली असं वाटतं. लोकशाही या दोन श्रद्धांवर उभी आहे, आणि दोन्ही श्रद्धा विमानाने कुठेही नेता येतात. त्यामुळे तोक्योच्या पूर्वेला, निशी-कसाईतल्या त्रेचाळीस कुटुंबांच्या मराठी मंडळात २०१४च्या हिवाळ्यात मुदतपूर्व निवडणूक लागली, तेव्हा नीलकंठराव सबनिसांना आश्चर्य वाटलं नाही. आनंद मात्र झाला.

नीलकंठराव वाईच्या तहसील कार्यालयातून, निवडणूक शाखेचे अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. अकरा निवडणुका त्यांच्या हाताखालून गेलेल्या. (त्यांतल्या उमेदवारांची नावं ते विसरले होते, मतपेट्यांचे नंबर लक्षात होते.) मुलगा सारंग इथे आयटीत, त्याच्याकडे ते नव्वद दिवसांच्या व्हिसावर आलेले. दहाव्या दिवशी पाहण्यासारखं सगळं पाहून संपलं. उरलेले ऐंशी दिवस सात वर्षांच्या नातीबरोबर काढायचे, तर केतकी जन्मली इथेच, आणि मराठीत विचारलेल्या कुठल्याही प्रश्नाला तिचं जपानीत एकच उत्तर असे: "दाइजोबु." ती आपल्याला लाडाने दाजीबा म्हणते अशा समजुतीत त्यांचा पहिला आठवडा मजेत गेला. मग सारंगने सांगितलं की त्याचा अर्थ "ठीक आहे, नको" असा होतो.

त्या डिसेंबरात देशाचीही मुदतपूर्व निवडणूक होती. स्टेशनजवळ उमेदवारांच्या पोस्टरांसाठी लाकडी फळा उभारला होता, त्यावर आखलेले चौकोन, प्रत्येक चौकोनाला नंबर, आणि प्रत्येक उमेदवार आपापल्या चौकोनात. कोणी कोणावर चिकटवलेलं नाही, कोणाला मिशा काढलेल्या नाहीत. नीलकंठराव त्या फळ्यासमोर थंडीत अर्धा तास उभे राहिले. देवळातसुद्धा ते एवढा वेळ थांबत नसत.

आता मंडळाविषयी. मंडळात दोन पक्ष होते आणि त्यांचा जन्म २०११च्या भूकंपात झाला होता. भूकंपानंतर जी कुटुंबं इथेच थांबली ती 'राहिलेले', आणि जी पुण्या-मुंबईला जाऊन सहा आठवड्यांनी परत आली ती 'आलेले'. राहिलेल्यांचं म्हणणं, आम्ही संकटात देश सोडला नाही. आलेल्यांचं म्हणणं, आम्ही सोडला तरी परत आलो; तुम्हाला तर तिकिटं मिळाली नव्हती. या तात्त्विक मतभेदामुळे कोजागरीला दुधात केशर घालायचं की नाही इथपासून प्रत्येक विषयावर मतदान होई. अकरा जणांच्या कार्यकारिणीत राहिलेले सहा आणि आलेले पाच, म्हणून केशर पडत असे.

राहिलेल्यांचे नेते आणि मंडळाचे अध्यक्ष नंदकिशोर मिराशी बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. त्या वर्षी दिवाळीचा कार्यक्रम बरा झाला. माइक मध्येच बंद पडला नाही आणि श्रीखंड शेवटच्या पंगतीपर्यंत पुरलं. मिराशींना त्यात लाट दिसली. मुदत संपायला अजून सोळा महिने होते. पण एवढा पाठिंबा आहे तर तो मोजून का घेऊ नये, असा त्यांनी विचार केला आणि कार्यकारिणी बरखास्त केली. (वजनकाट्यावर चढून पाहण्याची हौस बारीक माणसालाच असते, पण हे त्यांना सांगणार कोण?) आलेल्यांचे नेते अंबरीष पोतनीस यांनी या निर्णयाचा निषेध केला आणि त्याच संध्याकाळी उमेदवारी अर्ज मागवला.

निवडणूक घेण्यासाठी निःपक्षपाती माणूस हवा होता. निःपक्षपाती म्हणजे ज्याला अजून कोणी ओळखत नाही असा. दोन्ही पक्ष हातात मिठाई घेऊन सारंगच्या घरी आले.

"काका, तुम्हीच निवडणूक निर्णय अधिकारी व्हायचं," मिराशी म्हणाले.

"घटना आहे का मंडळाला?" नीलकंठरावांनी विचारलं.

होती. स्थापनेच्या वेळी घाई असल्यामुळे ती पुण्यातल्या एका सोसायटीच्या नियमावलीवरून उतरवली होती. तिच्यात पाण्याची टाकी वर्षातून दोनदा धुण्याची तरतूद होती आणि गच्चीवर पापड वाळत घालायला बंदी होती. नीलकंठरावांनी ती दोनदा वाचली आणि चष्मा पुसत म्हणाले, "चांगली आहे. हिच्यावर निवडणूक होऊ शकते."

दुसऱ्याच दिवशी आचारसंहिता लागली. प्रचारात भूकंपाचा उल्लेख करायचा नाही, मतदाराला जेवायला बोलावलं तर विरोधी उमेदवारालाही बोलवायचं, आणि मंडळाचा शिक्का नवा अध्यक्ष निवडला जाईपर्यंत अधिकाऱ्याच्या ताब्यात राहील. तोवर नवीन निर्णय, नवीन अर्ज, नवीन काहीही नाही. जपानात सही कोणी फारशी विचारत नाही, शिक्का विचारतात. तो लाल शिक्का नीलकंठरावांनी आपल्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या डबीत ठेवला, कारण ती डबी ते कधीच विसरत नसत.

अकरा जागांना तेवीस उमेदवार झाले. बावीस जाणूनबुजून, आणि एक चुकून.

चुकून झालेली उमेदवार म्हणजे विभा रास्ते. ती भूकंपानंतर वर्षभराने आलेली, म्हणजे तिने ना राहण्याचं पुण्य केलं ना जाण्याचं पाप. ती दर शनिवारी दहा ते बारा, वॉर्डाच्या सभागृहातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत एकोणीस मुलांना मराठी शिकवत असे. खोली मंडळाच्या नावावर मिळायची. मंडळाचा त्या वर्गाशी एवढाच संबंध, की वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर वर्गाचा फोटो असे. मैत्रिणीच्या अर्जावर सूचक म्हणून सही करताना विभाने उमेदवाराच्या रकान्यात केली. चूक कळल्यावर ती माघार घ्यायला धावली, पण त्या दिवशी तोझाई लाइनची गाडी अकरा मिनिटं उशिरा आली. माघारीची मुदत टळून गेली होती.

"काका, हे बघा, स्टेशनवर दाखला दिलाय," तिने रेल्वेची छापील चिठ्ठी पुढे केली. गाडी उशिरा आली तर इथे रेल्वे तसा दाखला देते, आणि तो ऑफिसात चालतो.

नीलकंठरावांनी तो कागद उजेडात धरून पाहिला. इतकं नीटनेटकं सरकारी कागदपत्र त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. "दाखला उत्तम आहे," ते म्हणाले. "पण हा रेल्वेच्या उशिराचा. तुमच्या उशिराचा वेगळा लागेल."

मतदान एकवीस डिसेंबरला झालं. बोटाला लावायला शाई मिळेना, म्हणून शिक्क्याची लाल शाई वापरली. (पुढचे चार दिवस सतरा इंजिनिअर जपानी साहेबांसमोर मूठ मिटून बसत होते.) चौऱ्याहत्तर मतदारांपैकी एकाहत्तरांनी मतदान केलं, उरलेले तिघे ऑफिसातून सुटले नाहीत, त्यांत दोघे उमेदवार होते. दोन मतं बाद ठरली. एकावर "सगळेच चांगले आहेत" असं लिहिलेलं होतं, दुसऱ्यावर किराणा सामानाची यादी.

निकाल लागला. राहिलेले पाच, आलेले पाच, आणि सगळ्यांत जास्त मतं घेऊन विभा रास्ते. मुलांच्या आईवडिलांनी, पक्ष कुठलाही असो, एक खूण तिच्या नावापुढे केलीच होती.

त्या क्षणापासून विभाएवढी लोकप्रिय बाई निशी-कसाईत दुसरी नव्हती. मिराशी सपत्नीक घरी येऊन गेले. पोतनीस सपत्नीक आले आणि मिराशी किती वेळ बसले होते ते विचारून पाच मिनिटं जास्त बसले. उपाध्यक्षपद, सचिवपद, खास तिच्यासाठी नवीन पद असं सगळं देऊ झालं. विभा दोघांनाही एकच म्हणाली, "मला पद नको. एकटीने एकोणीस मुलं आवरत नाहीत. तुमच्यापैकी जो एक शनिवार येऊन शिकवेल, त्याला मत."

दोन्ही नेत्यांना मागणी रास्त वाटली. दोघांनीही ती तत्त्वतः मान्य केली. पण शनिवारी दहा ते बारा दोन्ही पक्षांच्या रणनीतीच्या बैठका असत, त्यामुळे आलं कोणीच नाही. विभा तटस्थ राहिली. अध्यक्षपदासाठी चार वेळा मतदान झालं आणि चारही वेळा पाच विरुद्ध पाच. घटनेत अशा वेळी उपनिबंधक, पुणे यांचा निर्णय अंतिम होता. नीलकंठरावांनी चिठ्ठी टाकण्याचा मार्ग सुचवला. पोतनीस तयार झाले. ते का तयार झाले या शंकेने मिराशी अडले. दुसऱ्या दिवशी मिराशी तयार झाले, तेव्हा पोतनीसांना शंका आली.

संक्रांत आली. अध्यक्ष नसल्यामुळे तिळगुळाचा ठराव झाला नाही. बायकांनी घरोघरी लाडू केले आणि वाटून टाकले. हा प्रकार बेकायदेशीर असल्याची नोंद नीलकंठरावांनी वहीत केली आणि दोन लाडू खाल्ले.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात विभा सारंगच्या घरी आली. सभागृहाच्या खोलीची वार्षिक नोंदणी पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी संपत होती. अर्ज तयार होता, फक्त शिक्का हवा होता.

"आचारसंहितेत नवीन अर्ज बसत नाही," नीलकंठराव म्हणाले.

"नवीन नाही हो काका, जुनाच आहे. दर वर्षीचा."

"तारीख नवीन आहे."

"मग वर्ग बंद होईल."

"अध्यक्ष निवडा. लगेच शिक्का मिळेल."

विभा अर्ज उचलून उठली. तिने वाद घातला असता तर नीलकंठरावांना बरं वाटलं असतं. वाद घालणाऱ्याला नियम दाखवता येतो.

शनिवारी सारंगला काम निघालं, म्हणून केतकीला वर्गाला सोडायला नीलकंठराव स्वतः गेले. परतीची वाट सापडेल याची खात्री नसल्यामुळे तिथेच मागच्या खुर्चीवर बसले. एकोणीस मुलं आपसात जपानीत चिवचिवत होती. फळ्यावर जोडाक्षरं होती. केतकी उभी राहिली आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचू लागली: "आ-जो-बां-च्या... च्या..." च्या सुटला, आणि "घ-री म्है-स आहे" हे तिने एका दमात म्हणून टाकलं. नीलकंठरावांकडे म्हैस नव्हती. पण ती असायला हवी होती असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

घरी जाताना ती आपणहून मराठीत बोलली. अडीच महिन्यांत पहिल्यांदा.

"आजोबा, तुम्ही कधी जाणार?"

त्यांना वाटलं, पोरीला कंटाळा आला आपला. "पुढच्या रविवारी. का गं?"

"तोपर्यंत मला सगळी जोडाक्षरं येतील?"

तिने हात पुढे केला आणि सिग्नल हिरवा झाल्यावर त्यांना रस्ता ओलांडून नेलं.

पुढचे पाच दिवस नीलकंठरावांनी कार्यालयीन पद्धतीने काढले. सोमवारी त्यांनी स्वतःकडे लेखी परवानगी मागितली. मंगळवारी अधिकाराअभावी ती नाकारली. बुधवारी नकारावर फेरविचार करण्याची विनंती केली, गुरुवारी ती दप्तरी दाखल केली. शुक्रवारी सकाळी त्यांनी गोळ्यांची डबी खिशात टाकली, विभाला फोन केला आणि सभागृहाच्या खिडकीवर जाऊन अर्जावर शिक्का मारला. तो थोडा तिरका पडला. खिडकीतल्या बाईंनी वाकून नमस्कार केला, नीलकंठरावांनीही वाकून केला. मग त्यांनी वहीत लिहिलं: "शिक्का मारला. अधिकार नव्हता. गरज होती." नोकरीत इतकं आखूड टिपण त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. लिहिताना वही विभाने धरली होती.

बातमी तासाभरात पसरली. शनिवारी सकाळी दहा वाजता दोन्ही पक्षांची तातडीची संयुक्त बैठक भरली. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने आचारसंहितेचा भंग केल्याबद्दल निषेधाचा ठराव मिराशींनी मांडला, अनुमोदन पोतनीसांनी दिलं, आणि ठराव दहा विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. (विभा गैरहजर होती, वर्ग होता.) भूकंपानंतर मंडळात एकमताने झालेला हा पहिला ठराव. टाळ्या झाल्या. मिराशींनी पोतनीसांना मिठी मारली. "मतभेद असतील," पोतनीस मिठीतूनच म्हणाले, "पण तत्त्वाच्या प्रश्नावर आपण एक आहोत, मिराशी-सान!" मग ठरावावर अध्यक्ष म्हणून सही कोणी करायची हा प्रश्न निघाला आणि पाच-पाच जण उठून गेले.

रविवारी नीलकंठराव शिक्का रीतसर पावती घेऊन विभाच्या हवाली करून विमानात बसले. वाईला पोचल्यापासून दर रविवारी ते सारंगला फोनवर विचारतात, "माझ्या निषेधाचं पत्र निघालं का रे?" नोकरीत एकही शेरा न मिळालेल्या माणसाला ते पत्र फ्रेम करून लावायचं आहे. पण सही नसल्यामुळे पत्र निघत नाही. मंडळात आता एक माजी अध्यक्ष आहेत, दोन भावी आहेत, आणि पाडवा नेहमीपेक्षा बरा झाला असं लोक म्हणतात.

ही हकीकत आम्ही आजवर बऱ्याच जणांना सांगितली. प्रत्येकाने शेवटी एकच विचारलं: "मग अध्यक्ष झालं कोण?" तुमच्याही ओठांवर तेच होतं, संकोच नको. त्या एकोणीस मुलांना कोणी दुसरा शिकवायला मिळाला का, हे मात्र अजून कोणी विचारलेलं नाही. मिळालेला नाही. शनिवार, दहा ते बारा. तुम्हाला लगेच सांगता येणार नाही, हे आम्ही समजू शकतो. तत्त्वतः मान्य असेल तर तेवढं कळवा.