सासऱ्यांच्या पायाखालची उशी

“बाबांना बसमध्ये एक जरी दणका बसला ना, तर दुकानाची पाटी उतरवून ठेवतो!”

फोमशेठ बायकोला छाती ठोकून म्हणाला. शेठबिठ काही नव्हता तो. सोफे आणि गाड्यांच्या सीटा शिवायचं बोळातलं दुकान. पण तोंड उघडलं की फोमबद्दलच बोलायचा, म्हणून गल्लीनं हे नाव दिलं आणि ते चिकटलं.

सासूबाई गेल्यापासून सासरे दूरगावी एकटे. या दोघांनी किती विनवण्या केल्या, म्हातारा हलेना! शेवटी एकदाचा तयार झाला, पण अट घालूनच. “प्रवास सोसला तर कायमचा राहतो. नाही सोसला तर जेवणाच्या थांब्यावर उतरेन, समोरून येणारी गाडी पकडेन आणि परत!”

बायकोनं फोमशेठला आणायला पाठवताना एवढंच सांगितलं, “बाबा आले नाहीत, तर मी तिकडे जाऊन राहीन. धमकी नाही हं, नुसतं सांगून ठेवतेय.”

बायको ‘धमकी नाही’ म्हणाली की समजायचं, वॉरंट निघालं!

फोमशेठ रात्रंदिवस मशीनवर बसला. मानेला उशी. कमरेला उशी. डोळ्यांवर मखमली पट्टी. आणि सगळ्यात भारी म्हणजे पायाखाली ठेवायची हवा भरलेली उशी, जुन्या ट्यूबच्या रबराची, खास स्वतःच्या हातची! आता सासरे जन्मभर बसड्रायव्हर होते हे त्याला माहीत होतं. पण त्यानं हिशोब असा केला, की ज्या माणसानं कडक सीटवर आयुष्य काढलं, त्याला आता मऊच हवं असणार. गादीवाल्याचं डोकं! दुसरं काय सुचणार?

उशा घेऊन तो सासऱ्यांच्या गावी गेला, आणि परतीच्या सकाळी बसमध्ये त्यानं सासऱ्यांना सगळीकडून उशा लावल्या. कानात कापूस घातला.

“जावईबापू, मला काचेचं सामान समजलात की काय?”

“आराम पडेल बाबा. ही गोळी घ्या, मळमळणार नाही.”

सासऱ्यांनी पट्टी वर करून एक डोळा उघडला. “माझ्या मागे बसून हजारो माणसं ओकली असतील. मी नाही!”

गोळी परत खिशात गेली.

गाडी सुटली. सासरे ताठ! झोप तर सोडाच, प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. तोंडानं चालूच, “गियर टाक... अरे, टाक की!”

“बाबा, झोपा ना जरा.”

“झोपू कसा? गाडी कोण चालवतंय?”

“ड्रायव्हर चालवतोय.”

“तेच तर! मी इथे आहे, आणि गाडी चालतेय!”

जेवणाचा थांबा जवळ येत चाललेला, आणि सासऱ्यांच्या कपाळावर घाम. काय कमी पडतंय? पाय सारखा हलतोय म्हणजे आधार कमी पडतोय! फोमशेठ सीटखाली वाकला आणि उशीत आणखी हवा फुंकली. गाल भोपळ्यासारखे होईपर्यंत फुंकली!

तेवढ्यात समोरून ट्रक आला. ड्रायव्हरनं ब्रेक मारला, पण त्याआधीच सासऱ्यांनी मारला होता. सगळं वजन टाकून!

फाट्!!

“टायर गेला!” ड्रायव्हर ओरडला. गाडी कडेला. माणसं धडाधड खाली. फोमशेठचं धाबं दणाणलं. त्यानं फाटकी उशी शर्टात कोंबली आणि मेलेल्या चेहऱ्यानं उतरला. बोलावं तर चारचौघांत सासऱ्यांची शोभा! मग कसले राहतात ते!

ड्रायव्हरनं लोखंडी कांब घेऊन एकेक टायर ठोकला. सगळे ठणठणीत. पुन्हा ठोकले. तेच!

“मग फुटलं काय?” एका मावशींनी विचारलं.

“ते कळल्याशिवाय चाक हलणार नाही,” ड्रायव्हर म्हणाला. “उद्या कुणाचा जीव गेला तर मला धरतील!”

लोक खवळले. कुणाचं लग्न होतं, कुणाचं कोर्टात काम. आणि नेमकी तेव्हाच समोरून उलट्या दिशेची बस येताना दिसली. सासरे रस्त्याच्या कडेला गेले. त्यांचा हात हळूहळू वर जायला लागला...

“माझी फुटली!” फोमशेठ किंचाळत धावला. “बाबा, थांबा! टायर नाही, माझी उशी फुटली!” आणि त्यानं शर्टातून ते लोंबतं काळं रबर ओढून बाहेर काढलं.

“अगं बाई! पोटातून काढलं!” मावशी दोन पावलं मागे सरल्या.

समोरची बस भुर्रकन निघून गेली.

ड्रायव्हर लालबुंद. “एवढा वेळ गप्प उभा होतास? तू आणि तुझ्या उशा इथेच राहा आता!”

तेव्हा सासरे पुढे आले. “त्याला बोलू नकोस. ब्रेक मी मारला.”

“कुठला ब्रेक?”

“जो तू उशिरा मारलास तो.”

ड्रायव्हरनं म्हाताऱ्याला नीट न्याहाळलं. “किती वर्षं चालवलीत, काका?”

“तू पाळण्यात होतास तेव्हापासून.”

ड्रायव्हरला हसू फुटलं. “या मग पुढे केबिनमध्ये. तिथून शिव्या घाला, मला ऐकू तरी येतील!”

झालं! सासरे केबिनच्या लाकडी फळीवर जाऊन बसले. ना उशी, ना पट्टी. थांब्यावर ड्रायव्हरच्याच ताटाला ताट लावून जेवले. फोमशेठ ताट तसंच सोडून त्यांच्यामागे आला.

“बाबा, सोसतंय ना? राहणार ना?”

“बघू,” म्हणून सासरे पुन्हा पुढे जाऊन बसले. चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळेना!

मागे फोमशेठ उशांच्या ढिगात एकटा. जीव टांगणीला. त्यातून घाट लागला, आणि वळणावळणाला उशा त्याला इकडून तिकडे ढकलायला लागल्या. मऊ, गुबगुबीत, आणि भयंकर! गोळीची आठवण झाली, पण उशीर झाला होता. शेवटी मानेच्या उशीचा अभ्रा काढून त्यानं त्यातच तोंड खुपसलं...

संध्याकाळी बायको स्टँडवर उभीच होती. सासरे टुणकन उडी मारून उतरले. मागून फोमशेठ, खांब धरत धरत, पांढराफटक.

“बाबा! कसा झाला प्रवास? राहणार ना?”

सासऱ्यांनी मागे वळून जावयाकडे पाहिलं. तो फूटपाथवर डोकं धरून बसला होता.

“खरं सांगू? थांब्यावर उतरणारच होतो. परतीची गाडी पण बघून ठेवली होती. पण या माणसाला एकट्याला सोडून जाऊ कसा? राहतो मी. याला सांभाळायला कुणीतरी पाहिजे.”

“हो ना बाबा,” बायकोनं त्यांची पिशवी घेतली. “किती नीट आणलंत तुम्ही याला!”

कोण कुणाला घेऊन आलं, हे निदान एकदा सांगावं म्हणून फोमशेठनं तोंड उघडलं. आणि लगेच मिटलं. उघडं ठेवण्यात धोका होता!