मोराची कोठी आणि ठकूचं छप्पर

बाळांनो, एका जंगलात एक टेकडी होती आणि टेकडीखाली ओढा होता. टेकडीवर आम्ही चांगले पक्षी राहायचो. म्हणजे मोर, मैना आणि मी, पोपट. ओढ्याकाठी बाकीचे. बाकीचे म्हणजे कोण, हे आम्ही कधी विचारलं नाही. भांडी घासायला तेच वर यायचे, एवढं माहीत होतं.

एका वर्षी तापाची साथ आली. आधी उंदीर मरायचे, मग पक्षी. बगळे डॉक्टर म्हणाले, "जिथं उंदीर मेलेत, ते घर रिकामं करा. छप्पर काढा, ऊन आत येऊ द्या."

उंदीर मेले होते मोराच्या धान्याच्या कोठीत.

लगेच समिती नेमली. अध्यक्ष मोर, म्हणजे आमचे बापूसाहेब. अनुमोदन द्यायला मी. त्या कामात माझा हात कुणी धरू शकत नाही.

"आमची कोठी सोवळ्यातली," बापूसाहेब म्हणाले. "तिथं परक्याची सावली पडत नाही, रोग कुठून शिरणार? सुरुवात ओढ्यापासून करू."

"ओढ्यापासून करू," मी म्हणालो.

ओढ्याकाठी ठकू पाणकोंबडी राहायची. बापूसाहेबांकडे भांडी घासायला तीच होती. आम्ही तिच्या घरट्यावरचं गवताचं छप्पर उतरवलं. आत नुकतंच अंड्यातून आलेलं एक पिल्लू होतं. थंडीचे दिवस. ते कुडकुडायला लागलं.

"साहेब, छप्पर परत कधी मिळायचं?" ठकूनं विचारलं.

"साथ संपली की."

"आमच्याकडं कुणीच आजारी नाही, साहेब."

"तुमच्याकडं नसेल. जंगलात आहेत ना."

होतेच. सगळे बापूसाहेबांच्या घरात. कोठी बंद, म्हणून साथ चालू. साथ चालू, म्हणून ठकूला छप्पर नाही. हे मला तेव्हाच कळलं होतं, बरं का. पण मी पडलो शिकलेला पोपट. कळलं ते सगळं बोलायचं नसतं, इतपत शिक्षण माझं झालंय.

डॉक्टरांनी बापूसाहेबांना हात जोडले. "एक दिवस कोठी उघडा."

"सूनबाईंचं व्रत चाललंय. उद्यापन झालं की बघू."

ठकू घरी असली की पिल्लावर पंख धरून बसायची. कामावर आली की पिल्लू उघडं. तिनं सुट्टी मागितली. पण बापूसाहेबांच्या घरी आजारपण, त्यामुळे भांडी दुप्पट. सुट्टी कशी देणार? एका संध्याकाळी ती परत गेली, तर पिल्लू गार पडलेलं.

फार वाईट वाटलं, बाळांनो. खरंच. त्या दिवशी मला पेरू गोड लागला नाही.

"हे तापानं नाही, गारठ्यानं गेलं," डॉक्टर म्हणाले.

समितीची बैठक भरली. बापूसाहेब शालीत कण्हत म्हणाले, "बघा, ओढ्याकाठी एक मेलं. रोग तिथंच आहे, मी म्हणत नव्हतो? आता भिंतीही काढू."

"भिंतीही काढू," मी म्हणालो.

तात्पर्य: स्वच्छतेची सुरुवात घरापासून करावी. फक्त ते घर आपलं नसावं, एवढी काळजी घ्यावी.