शालीखालची मैत्री

"देशादेशांचं दिल्ली बघंल, शहराशहरांचं आमी बघतो!" हळदीचे अडत्ये नानासो महिनाभर अख्ख्या सांगलीला ऐकवत होते. साल होतं त्र्याण्णव. हॉलंडातल्या एका शहराशी सांगलीचं मैत्रीचं नातं जुळवायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. तिकडचे महापौर येणार, करार होणार आणि मग सांगलीचा एक प्रतिनिधी विमानानं हॉलंडला जाणार! तो कोण, हे त्यांनी बायकोला, गोदावरीबाईंना, केव्हाच सांगून टाकलं होतं.

महापौर आले. मार्केट यार्डात मांडव, हार, नारळ, सगळं झोकात. नानासोंनी पाहुण्याला शाल पांघरवली आणि हात मिळवला. पाहुणा ताडमाड उंच. शाल नीट बसलीच नव्हती. ती घसरली आणि नेमकी दोघांच्या हातांवर पडली. झालं!

हळदीच्या सौद्यात भाव तोंडानं बोलायचा नसतो. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून तो ठरवायचा. महापौरांनी प्रेमानं नानासोंची बोटं दाबली. नानासोंचा सगळा जन्म रुमालाखाली गेलेला. त्यांच्या बोटांनी आपोआप भाव वाढवून मागितला! महापौरांना वाटलं, ही इथली रीतच. त्यांनी आणखी जोरात दाबलं.

समोरचे व्यापारी ताडकन उठले.

"नानासो, आमच्या म्होरं परस्पर सौदा मारता व्हय?" शेजारच्या पेढीवरचा कुतुबुद्दीन ओरडला.

"आरं सौदा न्हाई, मैत्री हाय ही!"

"मैत्रीला वर कापड कशाला लागतंय?"

नानासोंचं डोकंच फिरलं. गावासाठी मरमर मरायचं, आणि वर भर मांडवात हा आळ? संतापून त्यांनी हिसडा देऊन हात सोडवला. महापौरांचा चेहरा पडला.

"बगू तरी, काय भाव देतोय," म्हणत कुतुबुद्दीननं आपला हात महापौरांच्या हातावरच्या शालीखाली घातला, आणि त्यांचा हात काही सोडीना! महापौर पुन्हा खुलले. त्यांनी दुभाषी मयूरीला जवळ बोलावलं.

"साहेब म्हणतात, करार पक्का," मयूरीनं सांगितलं. "पण पहिल्या गृहस्थांना मैत्री नकोशी दिसते. हॉलंडला या दुसऱ्यांना पाठवा."

"आन्याव हाय ह्यो!" नानासो कडाडले. "नातं जुळवलं कुणी? मांडव घातला कुणी?"

पण टाळ्यांच्या गजरात ऐकतो कोण! लोकांनी हार उचलून कुतुबुद्दीनच्या गळ्यात घातलासुद्धा.

मांडव पांगल्यावर कुतुबुद्दीन हळूच जवळ आला.

"ऱ्हाऊ द्या नानासो, मैत्रीच व्हती, मानलं. पर खरं सांगा, तुमाला भाव किती दिला त्यानं?"

"तुज्यापरास जास्तच!" नानासो गरजले.