बिनतेलाचं गिरमिट

सावंतमामांनी आपल्या गिरमिटाला कधी तेल घातलं नाही. ते फिरू लागलं की असं किंचाळायचं, की आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या तिन्ही इमारतींना कळायचं, मामा माती काढतायत.

"मामा, दोन थेंब तेल घाला ना!" गॅलरीतून कोणीतरी ओरडायचं.

"तेल तुझ्या डोक्याक घाल! तपासणीत माती येऊक होयी, तेल नाय."

मामा निवृत्त फिटर. साध्या गिरमिटाने माती काढणं त्यांना मान्य नव्हतं. "वरची खाली, खालची वर. ही तपासणी की भेळ?" म्हणून त्यांनी स्वतःचं बनवलं. तिपाईवर स्क्रू, त्याखाली नळी, नळीच्या आत उभी चिरलेली दुसरी नळी. वर काढून उघडली की शेवग्याच्या शेंगेसारख्या दोन फाकी, आणि मधे चार फुटांची माती थरांसकट शाबूत.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सोसायटीच्या मागच्या रिकाम्या जागेत मुलांसाठी बाग करायचं ठरलं. भिंतीपलीकडे पूर्वी प्लेटिंगचा, धातूवर मुलामा चढवायचा कारखाना होता; त्याचं रसायनांचं पाणी इकडेच मुरायचं. मामांनी परवानगी न विचारता आखणी केली आणि तिपाई रोवली. प्रत्येक भोकानंतर नळी धुवायला दोन बादल्या, त्याही पिण्याच्या पाण्याच्या. आमच्याकडे पाणी सकाळी चाळीस मिनिटं. मी सेक्रेटरी, लेखी हरकत घेतली.

"पाटणकरा, दुसऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवशील?" मामांनी विचारलं आणि बादली ओतली.

सभेत त्यांनी उघड्या नळ्या टेबलावर मांडल्या. पाच, सहा आणि आठ नंबरात अडीच फुटांवर हिरवट पट्टा होता. "वरची माती खोटा बोलता. ह्येच्यावर पोरं खेळवतलास?"

मी सवयीने नळ्या मोजल्या आणि बोलून गेलो, "आखणी बाराची. या अकराच आहेत. सात नंबर कुठाय?"

अध्यक्षांना तेवढंच हवं होतं. "म्हणजे तपासणी अर्धवट! बागेचं काम सोमवारी सुरू."

मामा नळ्या उचलून निघून गेले. मी मागोमाग गेलो, कारण चूक माझी होती. मोजणी बरोबर असली तरी.

जिन्यात ते थांबले. "सात नंबराची जागा म्हणजे तुझ्या मामीचो अळू, रे."

मामी जाऊन दोन वर्षं झाली होती. मागच्या रिकाम्या जागेत मोरीच्या पाण्यावर वाढवलेलं ते अळू ती घरोघर वाटायची. आमच्याकडे दर श्रावणात फदफदं त्याच पानांचं.

"थंय पट्टा निघालो तर लोक काय म्हणतले? सावंतीणीन आमका विष घातल्यान. ती तर आता उत्तर देऊक येवची नाय."

"आम्ही सहा वर्षं खाल्लं, मामा. सगळे धडधाकट आहोत," एवढंच म्हणालो. सहा वर्षं हा आकडा बरोबर होता. बाकी कशाची मला खात्री नव्हती.

रविवारी पहाटे किंचाळी ऐकू आली. गॅलरीतून पाहिलं. अळूची पानं हाताने हळूच बाजूला सारून मामांनी त्या जागी तिपाई रोवली होती.

"तेल घाला हो, मामा!" वरून कोणीतरी ओरडलं.

मामा मान खाली घालून स्क्रू फिरवत राहिले.

मी पिण्याच्या पाण्याच्या आमच्या दोन्ही बादल्या उचलल्या. बायकोने विचारलं, "अहो, आणि स्वयंपाकाला?"

"आज नाही," म्हणालो आणि खाली उतरलो.