डासबंद घर

आमच्या घरात डास शिरणं अशक्य! हे वाक्य मी त्या महिन्यात निदान पन्नास जणांना ऐकवलं असेल. समोरचे शिंपीमामा डेंग्यूने हॉस्पिटलात पडले, त्याच दिवशी मी दुकान बंद ठेवलं आणि कामाला लागलो. वीस वर्षं फ्रिज दुरुस्त करतोय. जो माणूस फ्रिजमधली गार हवा बाहेर जाऊ देत नाही, तो डासाला आत येऊ देईल?

खिडक्यांना जाळ्या ठोकल्या. दाराखालच्या फटीला रबर लावलं. मोरीच्या भोकावरसुद्धा जाळी!

बायको म्हणाली, "अहो, आपल्याला श्वास घ्यायला तरी फट ठेवा."

"डेंग्यू झाला की घे हवा तेवढा श्वास!" मी म्हणालो. आठवलं की अजून जीभ चावतो.

आता खरं सांगायचं तर घरात डास होतेच. पायांवर पांढरे पट्टे असलेले, भरदुपारी चावणारे. मी टाळ्या वाजवून एकेकाला मारायचो आणि भिंतीपलीकडे बोट दाखवायचो. पलीकडे काकू राहतात. त्यांच्या बाल्कनीत चाळीस कुंड्या. आणखी पुरावा कशाला हवा?

दोन आठवड्यांनी आमची आठ वर्षांची लेक शाळेतून आली ती डोळे दुखतायत म्हणतच. संध्याकाळी अंग तव्यासारखं तापलं. दुसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला. डेंग्यू. तिला दाखल केलं आणि मी तडक काकूंच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"तुमच्या कुंड्यांपायी माझी पोर आजारी पडली!"

काकूंनी पायात चपला अडकवल्या आणि माझ्या बायकोच्या सोबतीला हॉस्पिटलात निघून गेल्या. चोराच्या मनात चांदणं, मी मनाशी म्हणालो आणि आरोग्य खात्यात तक्रार ठोकून दिली.

सकाळी तपासणीच्या बाई आल्या. हातात टॉर्च, खांद्याला पिशवी. काकूंच्या चाळीसही कुंड्या त्यांनी पाहिल्या. एकीखालीही बशी नव्हती, पाण्याचा थेंब नव्हता.

"आता पेशंटचं घर दाखवा."

"आमचं? आमचं डासबंद आहे!"

बाई थेट स्वयंपाकघरात गेल्या. "फ्रिज पुढे ओढा."

"अहो बाई, मी फ्रिजचाच मेकॅनिक आहे. मागच्या ट्रेमध्ये साठणारं बर्फाचं पाणी मशीनच्या उष्णतेने आपोआप सुकतं."

"ओढा तर खरं."

ओढला. ट्रे काठोकाठ भरलेला. बाईंनी टॉर्च मारला, तर पाणी वळवळत होतं.

"दमट हवेत सुकत नाही सगळं," त्या शांतपणे म्हणाल्या. "आठवड्यातून एकदा ओतून, घासून कोरडा करायचा. आणि जाळ्या छान लावल्यात हो. पण आतल्या डासांनी बाहेर जायचं कुठून?"

मी ट्रे ओतला आणि घासायला बसलो.

हॉस्पिटलात बायकोला सगळं सांगितलं. वाटलं, ओरडेल, रडेल. ती नुसती म्हणाली, "तिला पाणी पाजा. घोटघोट." तीन दिवस प्लेटलेट्स उतरत होत्या. तीन दिवस मी चमच्याने पाणी पाजत होतो. लेक डोळे न उघडता गिळायची. चौथ्या दिवशी सिस्टर कागद घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "वाढायला लागल्या." बायको तेव्हा रडली. काकू तिची पाठ थोपटत होत्या, आणि मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो.

घरी आल्यावर लेकीचा हात धरून काकूंकडे गेलो. माफीची चार वाक्यं घोकून ठेवली होती. पहिलं वाक्यही काकूंनी पुरं होऊ दिलं नाही.

"राहू दे रे," काकू म्हणाल्या. "ये, चहा घे."

चहा होईपर्यंत, सवयच ती, मी त्यांच्या फ्रिजमागे डोकावलो. ट्रे लख्ख कोरडा!

"काकू, हा कोण साफ करतं?"

"तुझी लेक. दर रविवारी. शाळेत शिकवलंय त्यांना."

मी लेकीकडे वळलो. "अगं, मग आपल्या घरचा का नाही केलास?"

ती निरागसपणे म्हणाली, "बाबा, मी फ्रिज ओढत होते. तूच म्हणालास, फ्रिजमधलं तुला काय कळतं!"